नेत्सुके: हस्तिदंत खरा की नकली?

मुठीत मावेल एवढी एक जपानी कोरीव वस्तू हाती येते. पाय पोटाशी घेऊन बसलेला बैल, गुडघ्यावर हात टेकलेला म्हातारा किंवा पाठीवर पिल्लू घेतलेले कासव. रंग जुन्या सायीचा, स्पर्श गुळगुळीत, तळाशी दोन भोके. पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: हा खरा हस्तिदंत आहे की प्लास्टिक?

या प्रश्नात दोनच पर्याय धरलेले आहेत आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. अशी वस्तू हत्तीच्या दातातून कोरलेली असू शकते, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मॅमथच्या दातातून कोरलेली असू शकते, दुसऱ्याच एखाद्या प्राण्याच्या दातातून, हाडातून किंवा शिंगातून असू शकते, एका ताडवर्गीय झाडाच्या बियांतून असू शकते, आणि साच्यात ओतलेलीही असू शकते. यातला प्रत्येक पर्याय म्हणजे फसवणूक नव्हे. रानडुकराच्या सुळ्यातून कोरलेले जुने नेत्सुके हस्तिदंताचे नसते, पण ते नकलीही नसते. म्हणून ‘खरे की खोटे’ याआधी ‘हा पदार्थ कोणता’ हे ठरवावे लागते. त्याचे उत्तर बहुतांशी वस्तूच्या अंगावरच्या रेघांत मिळते. त्या वाचायला दहापट मोठे दाखवणारे भिंग, चांगला उजेड आणि थोडा धीर लागतो.

1. नेत्सुके कशासाठी असे

पारंपरिक जपानी किमोनोला खिसे नसतात. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, पुरुष आपली तंबाखूची पिशवी, औषधांची कप्पेदार डबी किंवा शिक्के दोरीला बांधून कमरेच्या पट्ट्यावरून खाली सोडत. दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला एक अडकण लागे. ती पट्ट्याच्या वर राही आणि खालचे वजन पेली. हीच अडकण म्हणजे नेत्सुके. साधारण तीन ते पाच सेंटिमीटरांची, पट्ट्यात अडकेल एवढी मोठी, पण कपड्यात रुतणार नाही अशी गोलाईची. दोरी ओवायची दोन भोके आतून एकमेकांना जोडलेली असतात. त्यांना हिमोतोशी म्हणतात.

1868 नंतरच्या मेजी काळात पाश्चात्त्य कपडे आले, कपड्यांना खिसे आले, सिगारेट आली आणि नेत्सुकेची रोजची गरज संपत गेली. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांना या वस्तूंचे वेड लागले. वापरासाठी घडणारी वस्तू आता विकण्यासाठी घडू लागली. दोरीची भोके नसलेली, केवळ मांडून ठेवायची ओकिमोनो नावाची कोरीवकामेही मोठ्या प्रमाणात परदेशी गेली. मागणी होती म्हणून नकलाही आल्या. ओळखीचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

जपानमध्ये हत्ती नाहीत. तिथला हस्तिदंत बाहेरून, मुख्यतः चिनी आणि डच व्यापाऱ्यांमार्फत नागासाकी बंदरात उतरे. महाग माल असल्याने तुकडाही वाया जात नसे. शामिसेन या तीन तारांच्या वाद्याची रुंद हस्तिदंती नखी कापल्यावर उरणारे तिकोनी तुकडे नेत्सुकेकारांकडे जात. अनेक जुन्या हस्तिदंती नेत्सुकेंचा तिकोनी घाट यातून आला, आणि ओळख पटवताना ही गोष्ट उपयोगी पडते: कारागीर मिळालेल्या तुकड्याच्या आकारातून आकृती शोधत असे.

2. हत्तीचा दात आतून कसा असतो

हत्तीचे सुळे म्हणजे शरीरशास्त्राच्या हिशेबाने वरच्या जबड्यातले पटाशीचे दात. ते आयुष्यभर वाढत राहतात. बाहेरून सिमेंटम नावाचा पातळ थर, त्याच्या आत डेंटीन, आणि मुळाकडच्या साधारण एक तृतीयांश भागात शंकूच्या आकाराची पोकळी. या पोकळीत दाताचा जिवंत गर असतो. पोकळीच्या टोकापासून पुढे एक बारीक नलिका दाताच्या मध्यातून जाते. कोरीवकाम होते ते डेंटीनमध्ये. डेंटीन हे कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक आणि कोलॅजन नावाचे प्रथिन यांचे मिश्रण असते. स्फटिकांमुळे ते टणक, प्रथिनामुळे चिवट. लाकडासारखे कापता येते आणि तरी केसाएवढी रेघ धरते, म्हणून कारागिरांना ते इतके आवडले.

या रचनेच्या दोन खुणा नेत्सुकेवर शोधता येतात. पहिली म्हणजे मधली नलिका. दात आडवा कापला की ती काळपट ठिपक्यासारखी दिसते. वस्तूच्या तळाशी किंवा डोक्यावर असा ठिपका असला, तर तो दोष समजून घाबरायचे कारण नाही. तो अस्सलपणाच्या बाजूचा पुरावा आहे. दुसरी खूण त्याहून महत्त्वाची आणि तिच्यासाठी वेगळा विभाग हवा.

3. एकमेकींना छेदणाऱ्या रेघा

हत्तीच्या दाताचा आडवा छेद भिंगाखाली धरला, तर त्यात बारीक वक्र रेघांचे दोन संच दिसतात. एक संच उजवीकडे वळत बाहेर जातो, दुसरा डावीकडे, आणि दोन्ही एकमेकांना छेदून शंकरपाळ्यांच्या आकाराची जाळी करतात. 1800 साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ श्रेगर यांनी त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना श्रेगर रेघा म्हणतात. डेंटीनमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांच्या मांडणीमुळे उजेड कमी-जास्त परततो आणि डोळ्याला या रेघा भासतात. त्या रंगवलेल्या किंवा कोरलेल्या नसतात. वस्तू उजेडात थोडी फिरवली की कुठे गडद, कुठे फिकट अशा बदलतात. अशी जाळी हत्ती आणि मॅमथ यांच्या कुळातच सापडते. वॉलरस, पाणघोडा, देवमासा, रानडुक्कर यांच्या दातात ती नसते. प्लास्टिकमध्ये ती हुबेहूब साधलेली आढळत नाही.

ही जाळी फक्त आडव्या छेदावर दिसते, हे लक्षात न घेतल्याने कितीतरी अस्सल वस्तू नकली ठरतात. त्याच दाताच्या उभ्या बाजूवर जाळी नसते. तिथे हलक्या नागमोडी रेघा किंवा पट्टे लांबीच्या दिशेने गेलेले दिसतात, कुठे ठळक, कुठे जवळजवळ पुसलेले.

एक उदाहरण घेऊ. कान पाठीवर टाकून बसलेला ससा आहे आणि कारागिराने दाताचा तुकडा उभा धरून तो कोरला आहे. मग सशाचा सपाट तळ हा आडवा छेद. तिथे जाळी हवी. सशाच्या कुशीवर, पाठीच्या उतारावर उभ्या दिशेने जाणाऱ्या नागमोडी रेघा हव्यात. डोक्याचा वरचा भाग पुन्हा आडवा छेद होतो, तिथे जाळीचा काही अंश परत दिसायला हवा. रेघांचे हे वळण वस्तूच्या आकाराबरोबर सुसंगत बदलत असेल, तर पदार्थ एकसंध दाताचा आहे. तळावर समांतर रेघा, कुशीवर समांतर रेघा, डोक्यावरही तशाच सरळ, सारख्या अंतरावरच्या रेघा दिसल्या, तर संशय सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकवर जातो. आणि कुठेही, कोणत्याच कोनातून एकही रेघ दिसली नाही, तर निष्कर्षाची घाई न करता पुढच्या खुणा पाहाव्यात. उत्तम प्रतीच्या, चांगल्या घासलेल्या हस्तिदंतात रेघा फार मंद असतात.

पाहण्याच्या सर्वात सोप्या जागा म्हणजे तळ, दोरीच्या भोकांभोवतीचा सपाट भाग आणि मांजू नावाच्या चपट्या, गोल नेत्सुकेची पाठ. दाट नक्षी, केस, पिसे, खवले असलेल्या भागावर रेघा शोधणे व्यर्थ. हत्याराच्या खुणांत त्या हरवतात. उजेड समोरून न पाडता एका बाजूने, तिरका पाडावा.

4. हत्ती की मॅमथ

जाळी दिसली म्हणजे हत्तीच, असे मात्र म्हणता येत नाही. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघणारे मॅमथचे दात आजही कोरीवकामात वापरले जातात आणि त्यांच्यातही श्रेगर रेघा असतात. फरक असतो तो रेघांच्या कोनात.

दाताच्या बाहेरच्या कडेजवळ, सिमेंटमला लागून असलेल्या भागात दोन रेघा जिथे छेदतात तिथला कोन मोजायचा. आजच्या हत्तींमध्ये या कोनांची सरासरी 115 अंशांहून अधिक येते, मॅमथमध्ये 90 अंशांहून कमी. कोनमापक नसेल तर घड्याळ आठवावे: तीन वाजता काट्यांमध्ये 90 अंश असतात, चार वाजता 120. चार वाजल्यासारखा पसरलेला कोन हत्तीकडे बोट दाखवतो. तीनपेक्षा मिटलेला कोन मॅमथकडे. एका कोनावर भरवसा न ठेवता निदान पाचेक कोन मोजून सरासरी काढतात. समजा, पाच कोन 118, 124, 121, 116 आणि 126 आले. बेरीज 605, सरासरी 121. हा हत्तीचा दात. सरासरी 90 आणि 115 यांच्या मधे पडली, तर केवळ कोनावरून निर्णय देता येत नाही.

नेत्सुकेच्या बाबतीत इथे एक खरी अडचण आहे. दाताच्या मध्याकडे जावे तसे हे कोन हत्तीतही अरुंद होतात, त्यामुळे आतल्या भागातले कोन मोजून काहीच सिद्ध होत नाही. आणि नेत्सुके एवढे लहान की दाताची बाहेरची कड कारागिराने केव्हाच कापून टाकलेली असते. सिमेंटमचा अंश वस्तूवर शिल्लक आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर कोनांचा नाद सोडावा. मॅमथची आणखी एक खूण म्हणजे जमिनीतल्या लोहामुळे तयार झालेल्या व्हिव्हियनाइट या खनिजाचे निळसर-हिरवट डाग. हत्तीच्या दातात ते आढळत नाहीत.

5. इतर प्राण्यांचे दात, हाडे, शिंगे

जपानी कारागिरांनी हस्तिदंताखेरीज अनेक प्राणिज पदार्थ वापरले, आणि ते कमी दर्जाचे म्हणून नव्हे. इवामी प्रांतातल्या सेइयोदो तोमिहारू आणि त्याची मुलगी बुन्शोजो यांच्या परंपरेने रानडुकराच्या सुळ्यात जे काम केले ते आज जगभर मानाने जपले जाते. तोक्योच्या असाकुसा भागातल्या ओझाकी कोकुसाई याने हरणाच्या शिंगाला जे रूप दिले ते हस्तिदंतात साधलेच नसते. शिंगाचा सच्छिद्र पोतही त्याने नक्षीत ओढून घेतला. अशा वस्तूला ‘हस्तिदंत नाही’ म्हणून बाजूला सारणे म्हणजे तिचा मुद्दाच हुकवणे.

वॉलरसचा दात ओळखायला सोपा आहे, अट एवढीच की त्याचा गाभा कोरीवकामात उघडा पडलेला असावा. बाहेरचा भाग गुळगुळीत, रेघा नसलेला. आतला गाभा मात्र अर्धपारदर्शक गोल दाणे एकमेकांना चिकटून बसल्यासारखा. हा दाणेदार गाभा एकदा पाहिला की विसरत नाही. मोठ्या नेत्सुकेच्या तळाशी तो बहुधा दिसतोच.

पाणघोड्याचे दात हत्तीच्या दातापेक्षा पांढरे आणि घट्ट असतात. त्यांच्या छेदात बारीक, एकाभोवती एक अशा रेघा असतात; जाळी नसते. खालच्या जबड्यातल्या वक्र सुळ्याचा छेद तिकोनी येतो. स्पर्म व्हेलच्या दातातही एकाभोवती एक वलये असतात, आणि बाहेरचा जाड थर व आतला गाभा यांच्यातली सीमा स्पष्ट दिसते. नारव्हाल या उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातल्या प्राण्याचा लांब दात बाहेरून पिळदार आणि बराचसा पोकळ असतो. रानडुकराचा सुळा लहान, वक्र आणि तिकोनी. कारागीर त्याचा मूळ आकार बहुधा तसाच ठेवत, त्यामुळे आकृतीच्या घाटावरूनच अंदाज येतो.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो हाडाने. बाजारात हस्तिदंत म्हणून विकली जाणारी कितीतरी कोरीवकामे बैलाच्या हाडाची असतात. जिवंतपणी हाडातून रक्तवाहिन्या जातात, त्यांच्या नलिका मागे राहतात आणि त्यांत मळ साचतो. आडव्या छेदावर त्या बारीक काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, उभ्या बाजूवर छोट्या तुटक काळ्या रेघांसारख्या. ब्लीच केलेल्या हाडात त्या फिकट होतात, पण भिंगाखाली खड्डे म्हणून राहतातच. हस्तिदंतातल्या नळ्या इतक्या सूक्ष्म असतात की त्या अशा वेगळ्या दिसत नाहीत. नियम सोपा: ठिपके आणि तुटक रेघा म्हणजे हाड. हाडाची आणखी एक मर्यादा आहे. त्याची भिंत जाड नसते. त्यामुळे हाडाची मोठी आकृती अनेकदा तुकडे जोडून केलेली असते, आणि सांधे कपड्याच्या घडीत किंवा पट्ट्याखाली लपवलेले असतात.

हरणाच्या शिंगाचा बाहेरचा थर घट्ट आणि आतला गाभा स्पंजासारखा सच्छिद्र. गाभ्याचा थोडा भाग तरी तळाशी सापडतो.

धनेश कुळातल्या एका आग्नेय आशियाई पक्ष्याच्या चोचीवरचे भरीव शिरस्त्राणही नेत्सुकेत दिसते. ते पिवळे असून कडेला लाल असते, त्यामुळे हस्तिदंताशी त्याची गल्लत सहसा होत नाही.

6. झाडावरचा हस्तिदंत

दक्षिण अमेरिकेत वाढणाऱ्या टाग्वा या ताडवर्गीय झाडाच्या बिया वाळल्यावर हस्तिदंताइतक्या पांढऱ्या आणि टणक होतात. पूर्वी त्यांच्या शर्टांच्या गुंड्या होत, आजही त्यात कोरीवकाम होते. बी साधारण कोंबडीच्या अंड्याएवढी आणि बहुधा मधे पोकळ असते. त्यामुळे चार-पाच सेंटिमीटरांहून मोठी, सलग टाग्वाची आकृती असणे कठीण. भिंगाखाली अतिबारीक, एकाभोवती एक रेघा दिसतात, जाळी नाही. कुठेतरी बियांच्या तपकिरी सालीचा अंश राहिलेला असला तर निर्णय लगेच होतो. काही कारागीर तो मुद्दाम केसांसाठी किंवा टोपीसाठी ठेवतात.

7. साच्यातून निघालेल्या नकला

हस्तिदंताला कृत्रिम पर्याय शोधण्याची धडपड बिलियर्डच्या चेंडूंपासून सुरू झाली. 1860 च्या दशकात अमेरिकेत अशा चेंडूंसाठी दहा हजार डॉलरांचे बक्षीस जाहीर झाले आणि त्या वातावरणात जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलॉइड विकसित केले. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळायचा, असा त्याचा गाभा. पुढे दुधातल्या केसिन या प्रथिनापासूनचे प्लास्टिक आले, 1907 मध्ये लिओ बेकलंड यांचे बेकेलाइट आले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टर रेझिनने बाजी मारली.

सेल्युलॉइडमध्ये हस्तिदंतासारख्या रेघा मुद्दाम आणलेल्या असत. फिकट आणि गडद पातळ थर एकावर एक दाबून ठोकळा तयार करत. त्या रेघा जवळजवळ सरळ, समांतर आणि सारख्या अंतरावर येतात. वस्तूच्या एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने तशाच बाहेर पडतात. खऱ्या दातात इतकी शिस्त नसते. सेल्युलॉइड चोळून गरम केले की कापराचा मंद वास येतो.

आज पर्यटनस्थळांवर आणि ऑनलाइन विक्रीत जास्त आढळते ते रेझिन. एखाद्या अस्सल नेत्सुकेचा रबरी साचा घेऊन त्यात रेझिन ओततात आणि खनिजांची पूड मिसळून वजन व थंडपणाही साधतात. म्हणून ‘हाताला जड आणि गार लागते, म्हणजे खरे’ हा प्रचलित समज धोक्याचा आहे. रेझिन पकडायचे ते कारागिरीवरून. हत्याराने कोरलेल्या खोबणीच्या तळाशी भिंगाखाली पात्याचे समांतर, स्वच्छ घाव दिसतात. रेझिनमध्ये तिथे कडा बोथट आणि वितळल्यासारख्या असतात. कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे सापडतात. कुठेतरी साच्याच्या दोन भागांची पुसट शिवण राहते, बहुधा बाजूने किंवा पायांच्या आतून. जुनेपणाचा भास देण्यासाठी तपकिरी रंग सर्व खोलगट जागांत सारखाच भरलेला असतो. वापराने मळलेल्या वस्तूत मळ कुठे जास्त, कुठे अजिबात नाही, असा असतो. दोरीची भोकेही बोलकी असतात. अस्सल नेत्सुकेत ती आतून नीट जोडलेली, कडा घासून गोल केलेल्या आणि अनेकदा एक मोठे, एक लहान अशी असतात, कारण मोठ्यात दोरीची गाठ लपते. साच्यातल्या वस्तूत ती नुसती तळाला पाडलेली, सारखी आणि धारदार कडांची असतात. शेवटी, तीच आकृती, त्याच कोनातली मान आणि तोच टवका घेऊन दुसऱ्या दुकानात पुन्हा भेटली, तर चर्चाच संपते.

हस्तिदंताची पूड रेझिनमध्ये मिसळून केलेल्या वस्तू ‘शंभर टक्के हस्तिदंत वापरलेला’ म्हणून विकल्या जातात. त्यात एकसंध दाताच्या रेघा असूच शकत नाहीत.

8. घरगुती चाचण्यांचे खरे मोल

सर्वात जास्त सांगितली जाणारी चाचणी म्हणजे तापलेली सुई. प्लास्टिक वितळते, हस्तिदंत वितळत नाही, असा तिचा आधार. ही चाचणी करूच नये. अस्सल वस्तूवर ती कायमचा काळा डाग पाडते, आणि इतके करूनही उत्तर चुकीचे देऊ शकते. बेकेलाइट आणि पॉलिएस्टर रेझिन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाहीत, केसिनही सहजी वितळत नाही. म्हणजे नकली वस्तू या परीक्षेत उत्तीर्ण होते. हाड, वॉलरस, पाणघोडा हे तर उत्तीर्ण होणारच. आणि वस्तू सेल्युलॉइडची असेल तर ती क्षणात पेट घेते. आम्लाचा थेंब, चाकूने खरवडणे, दातावर घासून पाहणे यांचीही तीच गत.

अतिनील दिव्याची चाचणी वस्तूला इजा करत नाही. नोटा तपासायच्या साध्या दिव्यानेही काम भागते. अंधाऱ्या खोलीत हस्तिदंत निळसर-पांढरा उजळतो, बहुतेक प्लास्टिके मंद निळी किंवा काळपट राहतात. जुन्या वस्तूच्या मळलेल्या भागावर पिवळट छटा येते. पण हाड, इतर दात आणि टाग्वाही हस्तिदंतासारखेच उजळतात. म्हणून ही चाचणी प्लास्टिक वगळण्यापुरती घ्यावी. दिव्याकडे थेट पाहू नये.

घनतेचा हिशेब शाळेतल्या आर्किमिडीजच्या नियमाने करता येतो. समजा, वस्तूचे हवेतले वजन 36 ग्रॅम, आणि दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवल्यावर 16 ग्रॅम भरले. फरक 20. घनता 36 भागिले 20, म्हणजे 1.8. हस्तिदंताची घनता साधारण 1.7 ते 1.9 असते, तेव्हा हा आकडा जुळतो. तेवढीच सेल्युलॉइडची वस्तू 27 ग्रॅम भरली असती आणि पाण्यात 7. तिची घनता 1.35. हाडाची घनता हस्तिदंताहून थोडी अधिक, टाग्वाची 1.4 च्या आसपास. मात्र पूड भरलेले रेझिन 1.8 ला सहज पोहोचते. शिवाय हस्तिदंत पाणी शोषून फुगतो आणि वाळताना तडकतो, जुना रंग धुऊन निघतो, डोळ्यांत बसवलेले शिंगाचे किंवा अंबराचे मणी सुटतात. मोलाच्या वस्तूला पाण्यात घालणे परवडत नाही.

9. जुनेपणा आणि सही

पदार्थ खरा ठरला म्हणजे वस्तू जुनी ठरत नाही. नव्या हस्तिदंताला चहात बुडवून किंवा धुरात धरून पिवळे करता येते. पिवळेपणा वयाचा हिशेब ठेवतही नाही: उजेडात राहिलेला हस्तिदंत पांढरा राहतो, अंधाऱ्या कपाटातला पिवळा होतो. एकाच नेत्सुकेची एक बाजू फिकट आणि दुसरी मधाळ असणे त्यामुळे स्वाभाविक आहे. वापरलेल्या वस्तूत अंगाला आणि पट्ट्याला घासणारी बाजू झिजलेली असते आणि दर्शनी बाजूचे बारीक काम तुलनेने शाबूत. सगळीकडून सारखी झीज ही यंत्राची किंवा पॉलिश कागदाची करामत. जुन्या हस्तिदंताच्या भेगा धाग्याच्या दिशेने, दाताच्या लांबीला धरून जातात. धाग्याला आडव्या जाणाऱ्या, तपकिरी रंग भरलेल्या भेगा ओरखडून केलेल्या असतात.

सहीवर विसंबणे तर सर्वात घातक. क्योतोच्या तोमोतादाचे बैल अठराव्या शतकातच इतके नावाजले होते की 1781 मध्ये ओसाकात छापलेल्या ‘सोकेन किशो’ या ग्रंथात, म्हणजे नेत्सुकेकारांची पहिली यादी देणाऱ्या पुस्तकातच, त्याच्या नकलांचा उल्लेख आला. तेव्हापासून त्याचे नाव हजारो वस्तूंवर कोरले गेले आहे. सही पाहायची ती नावासाठी नव्हे, रेघेसाठी: पात्याने कापलेली स्वच्छ, आत जाणारी रेघ आहे की ओतकामातली बोथट खोबण.

10. प्रयोगशाळा आणि कायदा

भिंगाने सुटले नाही तर प्रयोगशाळेत जावे लागते. अवरक्त किरणांच्या वर्णपटाने वस्तूला न दुखावता दात आणि प्लास्टिक वेगळे करता येतात. डीएनएवरून प्राण्याची जात कळते, पण त्यासाठी पदार्थाचा कण काढावा लागतो. अमेरिकेत ऑरेगनमधल्या ॲशलंड इथल्या वन्यजीव न्यायवैद्यक प्रयोगशाळेने हस्तिदंत ओळखण्याचे मार्गदर्शक तयार केले. श्रेगर कोनांची पद्धत जगभरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांपर्यंत त्यातूनच पोहोचली. भारतात देहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादची सीसीएमबी ही वन्यजीवविषयक तपासणीची प्रमुख केंद्रे. हत्ती केव्हाचा, हे कार्बन मापनाने कळू शकते: 1950 च्या दशकापासून 1963 पर्यंतच्या उघड्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढवला आणि त्यानंतर जगलेल्या प्रत्येक जिवाच्या दातात त्याची नोंद राहिली.

ही तपासणी केवळ संग्राहकांची हौस नाही. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतला हस्तिदंत झांझिबारहून मुंबईत उतरे आणि इथून लंडनकडे व चीनकडे जाई. या व्यापाराची किंमत हत्तींच्या कळपांनी मोजली. आफ्रिकी हत्तीच्या दातांचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवण्याचा साइट्स या वन्यजीव व्यापारविषयक कराराचा निर्णय 1989 मध्ये झाला आणि 1990 पासून लागू झाला. भारताने वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 मध्ये दुरुस्ती करून भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद केला आणि 1991 मध्ये आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंतालाही तीच बंदी लावली. मॅमथचा दात हत्तीचा नाही, म्हणून तो विकता येईल, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये फेटाळला. कायद्यातला हस्तिदंत हा शब्द कोणत्याही हस्तिदंताला लागू होतो आणि मॅमथच्या आडून हत्तीचा दात विकला जाऊ शकतो, ही त्यामागची भूमिका. त्यामुळे चौथ्या विभागातला 90 आणि 115 अंशांचा भेद शास्त्रदृष्ट्या कितीही महत्त्वाचा असला, तरी भारतात विक्रीसाठी तो निरुपयोगी आहे.

घरात वडिलोपार्जित हस्तिदंती वस्तू असेल, तर तिच्या मालकीच्या प्रमाणपत्राची चौकशी राज्याच्या वनविभागाकडे करावी. अशी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेणे किंवा देशात आणणे हा गुन्हा आहे, मग ती शंभर वर्षे जुनी असो वा प्रवासात भेट मिळालेली असो. परदेशात नेत्सुके घेताना विक्रेत्याने ‘हाड’ किंवा ‘रेझिन’ असे सांगितले असेल, तर निघण्यापूर्वी तळ भिंगाखाली धरावा: ठिपके दिसले तर हाड, बुडबुडे दिसले तर रेझिन, आणि जाळी दिसली तर ती वस्तू तिथेच ठेवावी.